अडलेली अक्षरं

सासूबाईंनी पस्तीस वर्षं सुईणीचं काम केलं आणि बाळंतिणींच्या तोंडचे शब्द मनात टिपून ठेवले. कुठल्याही कोशात नसलेले. म्हातारपणी नेटाने बसून ते चाळीस फाइलींत टाइप केले, पण सगळीकडे ‘आणी’ असं दीर्घ. छपाईआधी तेवढं दुरुस्त करायचं काम सुनेकडे आलं. सून प्रोग्रॅमर, तिच्या मते हा डाव्या हातचा मळ.

तिने दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फाइली कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या कुठल्या संकेतात, आहेत ते तिला सांगायचं राहिलं. वर हुशारी अशी की, वाचता न येणारं काही आलं तर अडू नकोस, चौकोन टाक आणि पुढे जा. स्क्रिप्टने मराठी इंग्रजी समजून वाचली, शून्य दुरुस्त्या केल्या आणि झालेला काला मूळ फाइलींवरच लिहून ठेवला. दुसरी प्रत नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

दुपारपर्यंत उलटी स्क्रिप्ट चालवून तिने बराच मजकूर परत आणला. पण अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह आणि ऱ्हस्व उकार, दोन्हींच्या जागी सारखेच चौकोन. मूळ शब्द आता फक्त सासूबाईंच्या डोक्यात होते, आणि त्या अठ्ठ्याहत्तरच्या. रडू दाबत तिने सगळं सांगितलं.

“अडलं तर पुढे जा, असं लिहिलंस?” सासूबाई म्हणाल्या. “अडलेलीला टाकून पुढे जातात होय ग?”

सुनेने लॅपटॉप पुढे ओढला.

“आधी एक प्रत काढून ठेव. मग बस आणि वाच.”

“क□ळक□ळ.”

“कुळकुळ. कळा सुरू व्हायच्या आधी पाठीत होते ती. तुलाही झाली होती. तू म्हणालीस, गॅस झालाय.”

सुनेला हसू फुटलं. मग रोज दुपारी दोघी बसू लागल्या. सासूबाई शब्द सांगायच्या, अर्थ सांगायच्या, कुणाच्या तोंडचा तेही सांगायच्या.

तिसाव्या फाइलीत त्या अडकल्या. ‘ह□रघडी’ असं काहीतरी होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आठवेना. चेहरा उतरला.

“हुरघडी, आई,” सून म्हणाली. “बाळ बाहेर आलंय आणि अजून रडलं नाही, तेवढा वेळ. पहिल्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत.”

सासूबाईंनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता मी विसरले तरी चालेल.”