शेवटच्या गाठीआधी

मी नळी बोलतेय. काडेपेटीतल्या काडीहून बारीक, आरपार दिसणारी, दोन्ही टोकांना जराशी फुगीर. पोटाला एक दोरा बांधलेला. ऑपरेशन थिएटरात मला शंट म्हणतात.

आम्ही बहिणी एकाच खोक्यात राहायचो, पण प्रत्येकीचं पाकीट वेगळं, हवाबंद. जंतू लागू नयेत म्हणून एवढं सोवळं! शेजारणीशी दोन शब्द बोलायचीही सोय नाही. त्या एकटेपणाचा मला अगदी वीट आला होता.

त्या दिवशी टेबलावर एक शिंपीकाका होते. त्यांचं हृदय न थांबवताच त्याच्यावर नवी शीर शिवायची होती. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना काका म्हणाले, "गिऱ्हाईक हललं तर मी मापसुद्धा घेत नाही हो." बाई हसल्या, आणि काका झोपी गेले.

हृदयावरची तुंबलेली शीर उघडायची म्हणून सर्जननी तिच्यातलं रक्त थोडा वेळ अडवलं. चार टाक्यांचं तर काम, नळीवाचून उरकेल असा त्यांचा होरा. पण त्या शिरेवर जगणाऱ्या स्नायूला रक्त मिळेना. तो मरगळला, रक्तदाब घसरायला लागला.

"सर, हृदयाला झेपत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सर्जननी नळीसाठी हात पुढे केला. सिस्टरनी माझं पाकीट फाडलं.

चिरेतून मी आत सरकले आणि माझ्या पोटातून रक्त वाहू लागलं. केवढी ऊब होती त्याला! मरगळलेला स्नायू पुन्हा जोमाने हलू लागला. माझ्या डोक्यावर टाके पडत होते आणि मी जन्मात पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीला होते.

शेवटची गाठ मारण्याआधी मला दोऱ्याने ओढून काढायचं असतं. आत राहिले तर माझ्याभोवती रक्त गोठून वाटच बंद व्हायची. सर्जन मात्र शिवण्याच्या तंद्रीत गाठ आवळायलाच निघाले. खोटं कशाला बोलू, विसरू देत मला, असं मनापासून वाटलं.

"सर, नळी," सिस्टर म्हणाल्या.

दोरा ओढला गेला. गाठ बसली. काकांचं हृदय त्याच लयीत चालत राहिलं. मी निघाले ते त्याला कळलंही नाही. ते फार लागलं मनाला.

आता मी बादलीत आहे, वापरलेल्या हातमोज्यांखाली. दाराशी सर्जन काकांच्या मुलीला सगळं समजावून सांगताहेत. माझं नाव काही निघालं नाही. आत राहिले असते, तरच निघालं असतं.

पोरी, बाबांना जप. निरोप घेताना तुम्ही माणसं 'येते' म्हणता. मला पुन्हा कुणी वापरणार नाही.

जाते.