शुक्रवारचा चहा

कपाचा कान तुटलेला होता. ती बाजू भिंतीकडे वळवून समिधाने कप ट्रेमध्ये ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. अकरा कप. बायका अकराही येतील, किंवा आज एकही येणार नाही... आणि आल्याच, तर हा कप कोणाच्या हातात जाणार हे आपण आधीच ठरवून टाकलंय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने तो फडताळात मागे सारला आणि त्याच्या जागी स्टीलचा पेला काढला. पेलाही नको. सगळ्यांना कप आणि आदिवासी पाड्यावरच्या पारूला पेला, म्हणजे तेच झालं. माहेरी, किनाऱ्याकडच्या गावात, वाडीवर राबायला येणाऱ्या बायकांचे पेले पडवीच्या वळचणीला वेगळे खोचलेले असत. लहानपणी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आणि आता, चाळिशीला आल्यावर, माझाच हात तिकडे जातो — मला न विचारता.

शुक्रवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी. कुंभवलीच्या त्या गल्लीत आज हवेतला कारखान्यांचा वासही थोडा कमी होता. ललित आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसला होता. सकाळी तो एवढंच म्हणाला होता, की आज बायका नाही आल्या तरी चालेल. रागावला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. पण तो शर्टाच्या बटणाकडे बघत बोलला होता.

या चहात राजकारण होतंच कुठे? दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि घर खायला उठायला लागलं, म्हणून तिने शेजारच्या भाविकाला चहाला बोलावलं. भाविकाने पुढच्या शुक्रवारी मागच्या चाळीतल्या जमनाला आणलं. जमनाचा नवरा बिहारकडून कामाला आलेला, तिला मराठी समजे पण बोलायची लाज वाटे. मग भाजीची पाटी घेऊन दारावरून जाणारी पारू पायरीवर टेकली, आणि पाच-सहा शुक्रवारांनंतर ओटीवर आली. मुलांच्या शाळा, नवऱ्यांच्या पाळ्या, गुडघेदुखी — आणि फिरून फिरून विहिरीचं पिवळट पाणी. एकेकीने सांगितलं तेव्हा ते गाऱ्हाणं होतं. तिच्यासकट बाराजणी ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या तेव्हा टँकर रोज यायला लागला. त्या दिवशी परतताना सगळ्या उगाचच हसत होत्या. मीही हसत होते.

भीती आली ती ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाल्यावर. वॉर्डाची जागा बायकांसाठी निघाली आणि भाविका बोलून गेली, की आपल्यातलीच एक उभी करू. ओटीवरचं हे बोलणं बाहेर कसं गेलं, कोण जाणे. मंगळवारी महादू दारात उभा होता. महादू कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार. ललितचं काम त्याच्याच हाताखाली, आणि यंदा त्याची बायको उभी राहणार हे गावभर झालेलं. तो आत आला नाही. ललितच्या खांद्यावर हात ठेवून हसत म्हणाला, "वयनींचा चहा लई गाजतोय. आमाला नाय बोलवत कदी." एवढंच. तेव्हापासून ते वाक्य तिने कितीदा तरी उलटून पाहिलं होतं. त्यात धमकी कुठेच सापडत नव्हती, म्हणूनच ते जास्त टोचत होतं.

सव्वाचार झाले. साडेचार. महादू प्रत्येकीच्या दारी जाऊन हसला असेल... कोणी येणार नाही. बरं होईल — असं मनात आलं, आणि त्या सुटकेची तिला इतकी लाज वाटली की ती उगाचच चटई झटकायला लागली. तेवढ्यात फाटक वाजलं.

सातजणी आल्या. उरलेल्या चौघींबद्दल कोणी विचारलं नाही.

चहा झाला, पाण्याच्या, पोरांच्या गोष्टी झाल्या, आणि मग भाविकाने विषय काढला. समिधा खाली बघत राहिली. तिला माहीत होतं काय होणार: तिचं नाव येणार, ती नको म्हणणार, दुसऱ्यांदा आग्रह झाला की ललितचं कारण सांगणार. नकाराची वाक्यंसुद्धा तिने घोकून ठेवली होती. पण जमनाने मान वर केली आणि अर्धवट हिंदीत म्हणाली, "पारू दीदी को खड़ा करो ना. पाड्यावर पण, चाळीत पण, सब पहचानते हैं."

खरंच होतं ते. पाटी घेऊन पारू गेली नाही असं दार त्या वॉर्डात नव्हतं. माना हलल्या. समिधाकडे कोणी पाहिलंच नाही. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटकेच्या मागोमाग काहीतरी कडवट वर आलं — ओटी माझी, चहा माझा, दोन वर्षं माझी... आपण नकोच म्हणणार होतो ना? मग हे काय आहे?

पारू बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिली.

"मी उबी रेन," ती म्हणाली. "सही येते मला. बोलता बी येते. पन सोमवारी अर्ज भराया पालघरला एकटी नाय जायाची. महादूची मानसं तिथं बसलेली असतील." मग तिने सरळ समिधाकडे पाहिलं. "वयनी, तुमी येल माज्यासंगं?"

आतल्या टीव्हीचा आवाज येत नव्हता. कधीपासून बंद होता? पारूबरोबर तहसीलच्या पायऱ्या चढायच्या, सगळ्यांच्या देखत. संध्याकाळपर्यंत महादूला कळणार, पुढच्या महिन्यात ललितला कामावर घ्यायचं की नाही हे तो हसत ठरवणार...

"येईन," समिधा म्हणाली.

भाविकाने फक्त विचारलं, रिक्षा किती वाजता सांगायची. नवाची ठरली.

त्या गेल्यावर ललित उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. "तू हो म्हणालीस."

"हो."

"आणि महादू विचारेल तेव्हा मी काय सांगू?"

तिने कप ट्रेमध्ये गोळा केले. जाऊ नकोस असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला ते धरून बसता आलं असतं. तो चटईवर बसला आणि गल्लीकडे बघत राहिला.

हो म्हणणारी ती कोण होती? पारूवर जीव असलेली? की आपलं नाव आलं नाही म्हणून निदान मोठं मन तरी दिसावं, असं वाटणारी? दोघींचा आवाज सारखाच होता. तिला वेगळं करता येईना. तीन दिवस ती कोणी येईल का म्हणून झुरत होती. आता सोमवारी नऊ वाजता पारू रस्त्यावर उभी राहून तिची वाट पाहणार होती — आणि आपण आलो नाही तर तिचा चेहरा कसा होईल, हे समिधाला इतकं स्पष्ट दिसत होतं, जणू कान तुटलेला तो कप तिने खरंच पारूच्या हातात ठेवला होता.