आक्काचे दगड

बाबांनी उकडलेलं अंडं ओंडक्याच्या भोकात सरकवलं, वरून लाकडी खुंटी ठोकली आणि त्यावर हात फिरवून समाधानाने मान हलवली.

"हे सापडलं तर माझं नाव बदला."

"नाव राहू द्या, जागा लक्षात ठेवा," जाळीबाहेर स्टुलावर बसलेली त्यांची लेक म्हणाली. ती त्या प्राणिसंग्रहालयातली जनावरांची डॉक्टर, बाबा माकडांचे राखणदार. आज तिच्या मांडीवर माकडांच्या आवाराचा नकाशा होता. बाबा अंडं लपवतील तिथे ती फुली मारत होती. दहावी फुली ओंडक्यावर पडली.

माकडांना आयतं खायला दिलं की ती दिवसभर एकमेकांच्या शेपट्या ओढत बसतात, म्हणून इथे खाणं लपवायची पद्धत होती. शोधा आणि खा. अकरापर्यंत जे सापडणार नाही ते राखणदाराने परत काढायचं, नाहीतर नासतं. या कामात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुंपणावरचे कावळे सकाळी शिकवणीला आल्यासारखे रांगेत बसतात आणि बाबांनी वळून पाहिलं की माना खाली घालतात, असं शपथेवर सांगणारी माणसं होती. पण गेल्या महिन्यात बाबांनी लपवलेलं बाबांनाच आठवेना. दोन अंडी नासली, तीन पिल्लं आजारी पडली, त्यातलं एक जेमतेम वाचलं. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, आज एक जरी अंडं आत राहिलं तर सोमवारपासून बाबांनी घरी बसायचं. लक्ष ठेवायचं काम लेकीचं. तिने खुणावायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

"मी घरी बसलो तर तुझ्या आईला लपायला जागा उरायची नाही," बाबा तेव्हा हसत म्हणाले होते. हसताना किल्ल्यांचा जुडगा मात्र मुठीत घट्ट आवळलेला होता.

त्यांनी माकडांच्या रात्रीच्या खोलीचं दार उघडलं. बावीस माकडं एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत बाहेर आली. आक्का शेवटी आली. कळपातली सगळ्यात म्हातारी. बाबांची लपवाछपवी ती रोज गजांतून टक लावून बघायची, पण खाण्याच्या झोंबाझोंबीत पडायची नाही. अंड्याचा तर तिला वाससुद्धा खपत नसे. तिला नाद होता दगडांचा. गोल गोल दगड गोळा करायचे, घासायचे, एकमेकांवर आपटायचे, छातीशी धरून हिंडायचं. लेकीच्या वहीत या सगळ्याला 'खेळ' असा एकच शब्द होता. भरल्या पोटी चाललेला चाळा, उपयोग शून्य.

पावणेअकरापर्यंत सहा अंड्यांची नुसती टरफलं उरली. बाबा आत शिरले. पायरीखालचं अंडं त्यांनी झटक्यात काढलं, लेकीकडे बघून भुवया उडवल्या आणि मग मधोमध येऊन थांबले. टायरमध्ये हात घालून पाहिला. झोपाळ्याखाली वाकले. दमून ओंडक्यावर बसले. त्यांचा तळहात त्या खुंटीवरच टेकला होता आणि नजर पार समोरच्या भिंतीवर.

लेकीने ओठ दातांखाली धरला.

"किती राहिली गं?"

"मी बोलायचं नाहीये, बाबा."

"मग आत्ता काय केलंस?"

तिला हसू आलं, पण डोळे भरले. तेवढ्यात आक्का दगड कवटाळून उठली. तुरुतुरु जाऊन तिने एक दगड पाण्याच्या टाकीमागे ठेवला. लेकीने सवयीने लिहिलं, दहा त्रेपन्न, खेळ. दुसरा दगड आक्काने कौलांच्या रांगेत ठेवला, नेमका तिसऱ्या कौलावर. लेकीने नकाशा पाहिला. टाकीमागे फुली होती. तिसऱ्या कौलावर फुली होती.

तिचं पेन थांबलं.

आक्का ओंडक्यापाशी आली. बाबांचा हात तिने मनगटाला धरून बाजूला केला, आपलंच सामान कुणी चुकून दाबून बसलं असावं तसा. खुंटीवर तिसरा दगड ठेवला आणि बाबांच्या तोंडाकडे बघितलं. बाबा हलले नाहीत. मग तिने तो उचलून खुंटीवर आपटला. टक. थांबली. पुन्हा टक.

बाबांनी खुंटी उपसली. आत अंडं होतं.

त्यांनी ते खिशात टाकलं. मग कौलांपाशी गेले, मग टाकीमागे. दगड उचलायचा, अंडं खिशात टाकायचं.

"झाली का सगळी?"

झाली होती. दहाच्या दहा. पण आक्काने चौथा दगड भिंतीच्या कडेला ठेवला होता. तिथे नकाशात काहीच नव्हतं. दगडावरचा हात काढून ती दोन पावलं मागे सरकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसली. माकडं सोडल्यावर बाबा बसायचे, अगदी तशी.

"एक राहिलंय, बाबा," लेक म्हणाली.

बाबांनी दगड उचलला. खाली तीन शेंगदाणे होते. टरफलं काढलेले, सालंसुद्धा सोललेले.

"हे मी ठेवलेले नाहीत."

"माहितीये."

"साहेबांना काय सांगशील?"

"दिसलं ते सगळं."

"विश्वास ठेवतील?"

"अजिबात नाही."

"मग सांग खुशाल," असं म्हणून बाबांनी एक दाणा तोंडात टाकला.

तिसरा दाणा गिळून होईपर्यंत आक्काने त्यांच्या जबड्यावरची नजर काढली नाही. मग तिने आपला दगड उचलला आणि आवारभर नजर फिरवली, उद्यासाठी जरा अवघड जागा बघावी तशी.