आईच्या उरलेल्या गोळ्या

"औषधांच्या कपाटाला कुलूप लावा, बाई," आप्पा आश्रमातल्या मदतनीस कुशाबाईंना म्हणत होते. "दौंडला रेल्वेत हुतो तवा केबिनची किल्ली मी कमरंला बांधून जेवायचो."

"लावते की, स्टेशनमास्तर! आधी कुलूप आणून द्या."

"रूळ बदलणारा पॉइंट्समन हुतो मी. मास्तराला एवढी अक्कल कुठली?"

दोघं हसले. शिरूरच्या वृद्धाश्रमातला माझ्या वडिलांचा, आप्पांचा, हा शेवटचा धड दिवस. दौंडच्या माझ्या दोन खोल्यांत त्यांना जागा नव्हती, असं माझं म्हणणं होतं.

त्या रविवारी मी एक डबा नेला होता. आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या मधुमेहाच्या गोळ्या उरल्या होत्या. तिच्या नावानं कुणा गरजूला द्याव्यात, एवढाच विचार. दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेल्या पट्ट्या, त्यांवर औषधाचं नाव नाही. कुशाबाई जेवण वाढत होत्या. "हा डबा ठेवा," मी म्हटलं. मेलेल्या बाईच्या गोळ्या म्हटल्यावर कुणी घेणार नाही, म्हणून त्या कसल्या, कुणाच्या ते पुढच्या रविवारी निवांत सांगू, असं ठरवलं. त्यांनी डबा कपाटातल्या आप्पांच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुशाबाईंनी आप्पांना त्यांच्या रक्तदाबाची म्हणून त्यातलीच गोळी सकाळ-दुपार दिली. आप्पांना मधुमेह नव्हता. दुपारी ते घामानं भिजून कोसळले. साखर पार उतरली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं.

आश्रमाच्या दारात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी होती. त्याच पाटीखाली बसून अध्यक्ष बापूसाहेबांनी चौकशी केली.

"अडाणी बाईच्या हाती औषधं दिली, हीच आमची चूक. डबा कुणी आणला गं?"

कुशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कपाटातच हुता, साहेब."

मी मान खाली घातली. रडतेय समजून कुणीतरी मला पाणी दिलं. कुशाबाईंना त्याच दिवशी काढलं.

चार महिन्यांनी मी कारेगावला गेले. कामगारांच्या खानावळीमागे त्या पातेली घासत होत्या.

"या ताई. आप्पांची लई सय येती बघा."

"कुशाबाई, तो डबा मी आणला होता."

"ठावं हाय की मला. बाप गेलेल्या लेकीला चारचौघांत काय बोलायचं?"

"तेवढंच नाही."

त्यांचा हात थांबला.

"तुम्ही डबा आप्पांच्या कप्प्यात ठेवलात, ते मी पाहिलं होतं. मला एसटी गाठायची होती."