उजवी काडी

टेलरमास्तरांनी काउंटरवर रुमाल ठेवला, गाठ सोडली आणि चारही कोपरे एकेक करून असे उघडले, जणू आत मेलेलं पाखरू असावं. आत चष्मा होता. लहान मुलीचा, निळा, काड्यांवर पिवळ्या चांदण्या. दोन्ही काचा शाबूत, डावी काडी जागेवर, आणि उजवी काडी वेगळी होऊन शेजारी आडवी पडलेली.

“चौथ्यांदा!” मास्तर म्हणाले. “बाई, शाळा सुरू झाल्यापासून चौथ्यांदा! हा चष्मा आहे की मातीचं भांडं?”

चष्मेवाल्या बाईंनी आधी चष्मा उजेडात धरून पाहिला. त्या कोणालाच लगेच उत्तर देत नसत. दुकान त्यांच्या वडिलांचं. वडिलांकडून त्यांना तीन गोष्टी मिळाल्या होत्या: हे काउंटर, बारीक चिमटा आणि काहीही फेकून न द्यायची सवय. मोडक्या चष्म्यांचे स्क्रू, काड्या, नाकावरच्या गाद्या, सगळं त्या जपून ठेवत आणि दुसऱ्याच्या चष्म्याला लावत. म्हणून तर ज्यांच्या घरात पोरं आणि पोरांच्या नाकावर चष्मे, ते सगळे आईबाप याच दुकानाची पायरी चढत.

काउंटरच्या अलीकडे मास्तरांची मुलगी उभी होती. नऊ वर्षांची. एका जागी कधी ठरत नाही म्हणून घरात, शाळेत, गल्लीत सगळीकडे तिला भिंगरीच म्हणत. आज मात्र ती खांबासारखी स्थिर होती. तिचा निकाल लागला होता.

निकाल म्हणजे असा, की काल संध्याकाळी मास्तरांनी जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं: आता फुटबॉल बंद. रविवारी वरच्या वर्गाशी सामना होता आणि भिंगरी गोलकीपर होती. ती होती याचं कारण मातीत आडवं पडायला दुसरं कोणीच तयार नव्हतं. ती नसेल तर गोलात दप्तर उभं करावं लागेल, असं तिच्या कप्तानाने स्वच्छ सांगितलं होतं. पण मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द. एकदा कापलेलं कापड आणि एकदा दिलेला शब्द परत जुळत नाही, असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. ऐकून ऐकून त्यांच्या बायकोचे कान किटले होते.

“मी खेळताना चष्मा घालतच नाही,” भिंगरी हळूच म्हणाली. हे ती काल तीनदा म्हणाली होती.

“मग काय तो आपला आपण मोडतो? बसल्या बसल्या?”

“डबीत असतो. तुमच्या कापायच्या टेबलावर.”

“ऐका!” मास्तर बाईंना म्हणाले. “आता माझ्या टेबलावर ढकला!”

बाईंनी खालचा खण ओढला आणि एक खाकी पाकीट काढलं. त्यावर ‘भिंगरी’ असं लिहिलं होतं. पाकीट उलटं केलं तशा आतून तीन निळ्या मोडक्या काड्या बाहेर पडल्या. बाईंनी त्या ओळीत मांडल्या आणि चौथी रुमालातून उचलून त्यांच्या शेजारी ठेवली.

“चारही उजव्या,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे ही कंपनी बंद पडली, तेव्हा मी हिचे उरलेसुरले तीन चष्मे सुट्या भागांसाठी घेतले होते. त्यातल्या तिन्ही उजव्या काड्या तुमच्याकडे खपल्या. माझ्याकडे आता तीन डाव्या पडून आहेत. उजवी एकही नाही.”

“म्हणजे नवीन चष्मा?”

“नवीन फ्रेम घेतली तर या काचा तिच्यात बसायच्या नाहीत. काचाही नव्या कराव्या लागतील. आणि खरा खर्च काचांचाच असतो.”

मास्तरांनी गळ्यातली टेप उगीचच एका बाजूने ओढून सारखी केली. ते तसेच आपल्या शिलाईच्या दुकानातून उठून आले होते. मग ते लेकीकडे वळले आणि त्यांचं ते सुप्रसिद्ध भाषण सुरू झालं: वस्तू जपणं म्हणजे काय, त्यांनी त्यांची पहिली कात्री सव्वीस वर्षं कशी वापरली, आणि माणसाने एका चष्म्यात बालपण कसं काढावं. बोलता बोलता ते उजव्या कानाच्या वर खाजवत होते. तिथली कातडी लाल झाली होती. गेले तीन महिने तिथे काहीतरी उठत होतं आणि मास्तर त्याचं खापर नव्या साबणावर फोडत होते.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. नेमकं सांगायचं तर त्यांच्या कानाकडे.

“मास्तर,” भाषण कात्रीच्या विसाव्या वर्षापर्यंत आल्यावर त्या म्हणाल्या, “पोरांचे चष्मे कसे मोडतात, ते मला विचारा. चेंडू लागला, तर नाकावर तडा जातो. कोणी वर बसलं, तर सगळा चपटा होतो. दप्तरात कोंबला, तर काचांवर ओरखडे येतात. हिच्या काचा बघा, एक ओरखडा नाही. पोर चष्मा नीट सांभाळते.”

भिंगरीने मान वर केली.

“मग मोडतो कसा?”

“डोक्याने.” बाईंनी डावी काडी बोटाने हलवली. ती बाहेरच्या बाजूला फाकली होती. “हे बघा. हिच्या दुप्पट डोक्यावर चढवलाय कोणीतरी. आणि काढताना उजव्या हाताने ओढून काढलाय, घाईघाईत. दरवेळी उजव्याच हाताने. का, तर त्या माणसाच्या डाव्या हातात काहीतरी धरलेलं असतं.”

मग मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

“मेहुणा!” ते म्हणाले. “हिचा मामा! दर रविवारी येतो, आणि डोकं केवढं, कुठलीच टोपी बसत नाही त्याला! डाव्या हातात सतत फोन. बाई, तुम्ही पोलिसांत हव्या होतात!”

“मामा पाच महिने आलाच नाहीये,” भिंगरी म्हणाली. “तुमचं भांडण झालंय ना.”

“तू गप्प बस.”

मास्तरांना खरोखरच काही सुचत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण मास्तरांच्या मनात अजून स्वच्छ ऊन होतं. भिंगरी चार वाजता डबी टेबलावर ठेवून मैदानावर जायची आणि सहाला परत यायची. मधल्या वेळात मास्तर कधीमधी तो चष्मा डोळ्यांवर लावत, पण ते काय वापरणं झालं? दहा मिनिटं. सुईत दोरा ओवण्यापुरता. फार तर एक काजं करण्यापुरता. तेही रोज नाही. म्हणजे रोज, पण रविवारी नाही. लेकीचा नंबर प्लसचा, त्यातून बारीक टाका टपोरा दिसायचा. थोडं डोकं जड व्हायचं, एवढंच. आणि गिऱ्हाईक पायरीशी आलं, की ते तो झटकन काढून डबीत टाकत. त्यांच्या हातून तो कधी मोडला नव्हता. दरवेळी तो दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या नाकावरच मोडायचा. मग दोष कोणाचा?

बाईंनी चिमटा घेतला आणि मोडलेल्या बिजागरीत खुपसला. स्क्रूला काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते सावकाश ओढून काढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

बोटभर काळा दोरा.

दुसऱ्या कोणाला तो नुसता दोरा दिसला असता. मास्तरांना दिसला दुपदरी रेशमी दोरा, मेण लावलेला, वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या काजांचा. या अख्ख्या भागात अजून हाताने काजं करणारा आणि दोऱ्याला मेण लावणारा एकच टेलर होता. काळ्यावर काळा टाका. परवा, साडेचार वाजता. दिवा लावूनही दिसत नव्हता, म्हणून.

त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. बारा वर्षांचे असल्यापासून त्या हातात कायम कोणाचं तरी कापड होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि इथे न्यायाधीशही चोरच निघाला होता.

“हवा लागली की उडेल हा,” मास्तर पुटपुटले आणि दोरा उचलून खिशात घातला. बाईंनी तो घालू दिला.

“आता यावर उपाय,” त्या म्हणाल्या, जसं काही झालंच नाही. “माझ्याकडे डाव्या काड्या तीन आहेत. डावी काडी उलटी केली की ती उजवीकडे बसते. फक्त कानामागचा वाक वर जातो. तो गरम करून परत खाली वळवायचा. चांदण्या उलट्या दिसतील तेवढ्या. बाकी खर्च काही नाही, चहा पाजा.”

“उलट्या चांदण्या!” भिंगरी म्हणाली. तिला ते फारच आवडलेलं दिसलं.

बाई गरम वाळूच्या भांड्यात काडी खुपसून बसल्या. मास्तर काउंटरवरच्या मोकळ्या रुमालाकडे बघत राहिले. रुमालाची किनार त्यांनीच शिवली होती. बघायला त्यांनी तो नकळत हातभर लांब धरला, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच खाली ठेवला. त्यांचे उस्ताद आठवले. उस्तादांना चष्मा लागला, तसे लोक त्यांच्याकडे फक्त पँटी आखूड करायला यायला लागले. चष्मा लागला की टेलर संपला, हे वाक्य मास्तरांनी तेव्हापासून पाठ केलं होतं आणि घरात वेळोवेळी म्हटलंही होतं.

भिंगरी तोवर दारापाशी गेली होती. तिथे वाचायच्या तयार चष्म्यांचा गोल फिरणारा स्टँड होता. ती तो फिरवत होती. एक चष्मा काढायची, काड्या उघडायची, त्यांच्यामधे पंजा ताणून बघायची आणि परत ठेवायची. सहावा की सातवा घेऊन ती आली. तपकिरी, रुंद, जरा बेढब.

“तो तुझ्या नाकावरून घसरेल गं,” बाई मान वर न करता म्हणाल्या.

भिंगरीने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

“बाबा, वाका जरा.”

मास्तर वाकले. का वाकले ते त्यांना सांगता आलं नसतं. पोरीने दोन्ही हातांनी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला, काड्या कानांवर टेकवल्या आणि सोललेल्या जागी लागत तर नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं. मग काडी आणि कानशील यांच्यामधे एक बोट घालून हलवलं. कॉलर घट्ट होतेय का ते मास्तर गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी बघत, अगदी तसंच.

“हा नाही मोडणार,” ती म्हणाली.

मास्तरांना समोर लेकीचं नाक दिसलं. नाकावर चष्म्याने पडलेले दोन खड्डे दिसले, उजव्या भुवईतला मातीचा कण दिसला. इतक्या जवळून इतकं स्पष्ट त्यांनी तिला ती तान्ही असताना पाहिलं होतं.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“दुसरी काडी मोडली तेव्हापासून. बॉल न्यायला परत आले होते.”

“मग बोलली का नाहीस? काल एवढं बोललो तुला मी!”

भिंगरीने एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला.

“तुम्हीच म्हणता ना, चष्मा लागला की टेलर संपला.”

मास्तरांनी टेप काढली, गुंडाळली, परत सोडली आणि परत गळ्यात घातली. पोरीसमोर लाज वाटत होती, आणि पोरीचा अभिमानही वाटत होता.

“मूर्ख असतो असं म्हणणारा,” ते शेवटी म्हणाले. “बाई, हा केवढ्याला?”

तो स्टँडवरचा सगळ्यात स्वस्त निघाला. बाईंनी वर एक डबीही दिली. मग चार मोडक्या काड्या परत खाकी पाकिटात भरल्या, लेखणी उचलली, ‘भिंगरी’ हे नाव खोडलं आणि खाली लिहिलं, ‘टेलरमास्तर’. नव्या चष्म्यातून मास्तरांना ते अक्षर न् अक्षर वाचता आलं.

घरी बायकोने दार उघडलं, नवऱ्याच्या नाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, “घेतलात एकदाचा? वकीलसाहेब मागच्या महिन्यातच म्हणाले होते.”

कालच्या शब्दाचं काय झालं, हे तिने विचारलं नाही. मास्तरांनीही काढलं नाही.

रविवारी मास्तर जन्मात पहिल्यांदा फुटबॉल बघायला गेले. गोलाच्या मागे उभे राहिले. गळ्यात टेप, खिशात स्वतःची डबी. शिट्टी व्हायच्या आधी भिंगरी धावत आली, उलट्या चांदण्यांचा चष्मा काढला, डबीत घातला, डबी खट्कन मिटली आणि त्यांच्या हातात दिली.

“सांभाळा,” ती म्हणाली. मग दोन पावलं जाऊन परत वळली. “आणि घालून बघू नका.”

सामना पाऊण तास चालला. भिंगरी अकरा वेळा मातीत आडवी पडली आणि तरी तिच्यावर सहा गोल झाले. मास्तरांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारचे बाप ओरडत होते, टाळ्या पिटत होते. मास्तरांनी एकही टाळी वाजवली नाही. त्यांच्या दोन्ही हातांत डबी होती.