ठरावातलं ‘आपण’

मी भरे गावच्या ग्रामपंचायतीचा माईक बोलतोय. दचकू नका. आजवर ज्याला ज्याला काही सांगायचं होतं तो माझ्या तोंडाशी आला, बोलला आणि निघून गेला. आज मात्र मला माझं स्वतःचं काही सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. जाग आली ती पुण्याच्या तपकीर गल्लीत, एका दुकानाच्या काचेमागे. आमचे अण्णासाहेब तेव्हा नुकतेच सरपंच झाले होते. त्यांनी मला हातात घेतलं, डोक्यावर दोन टपल्या मारल्या आणि दुकानदाराला म्हणाले, “दनका पायजे हां आवाजाला. आमच्याकडं लोक बोलत्यात जास्त, ऐकत्यात कमी.” तेव्हा मला वाटलं होतं, हे गंमत करताहेत.

गावात आल्यावर सुरुवातीला माझा भारी थाट होता. डोक्यावर लाल स्पंजाची टोपी, बसायला स्वतंत्र स्टँड. छपरावरच्या दोन कर्ण्यांतून माझा आवाज भाताच्या खाचरांवरून थेट नदीपर्यंत जायचा. पाणी उद्या उशिरा सुटणार, डोस पाजायला लेकरं घेऊन या, बहिरूची काळी शेळी कुणाला दिसली का, असलं सगळं मीच सांगायचो. नवलाई ओसरली तशी टोपी हरवली, स्टँडचा पाय मोडला. आता शिपाई भिकू मला कपाटात फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवतो. माझी वायर मानेपाशी सैल झाली आहे, तिथं त्यानं चिकटपट्टी गुंडाळली आहे. ग्रामसभा असली की बाहेर काढतो, शर्टाच्या टोकानं पुसतो आणि माझ्यात जोरात फुंकर मारतो. आदल्या रात्री त्यानं काय खाल्लं होतं, ते मला तिथल्या तिथं कळतं.

इतकी वर्षं माणसांच्या तोंडाशी राहून मला एक खोड लागली. माणूस काय बोलतो त्यापेक्षा कुठला शब्द वापरतो, तिकडे माझं लक्ष असतं. माणसं ‘मी’ म्हणतात तेव्हा श्रेय घ्यायचं असतं. ‘आम्ही’ म्हणतात तेव्हा बहुतेक भांडण काढायचं असतं. आणि ‘आपण’ म्हणतात ना, तेव्हा खुशाल समजा की काम दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे. ‘आपण शाळेमागची भिंत उभी करू’ हे वाक्य माझ्यातून कितीदा गेलं असेल. ती भिंत अजून आडवीच आहे.

तर, अलीकडचीच गोष्ट.

पूर्वेकडच्या सीमेवर, दाट जंगलात, पलीकडून आलेल्या बंडखोरांनी आपल्या जवानांच्या गाडीवर हल्ला केला. जवान मेले. मारणारे पुन्हा सीमेपलीकडे जाऊन लपले. बातमी आली आणि पिरंगुटच्या चौकात फ्लेक्स लागले, टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा सुरू झाला. घुसा, मारा, वाट कसली बघता! सरकार काही बोलेना, तसा लोकांचा आवाज चढत गेला.

आमच्या गावचा शैलेश आता तालुक्याचा नेता झाला आहे. त्यानं मनावर घेतलं की, मुळशीतल्या गावागावांतून ग्रामसभेचे ठराव गोळा करायचे आणि मोर्चा काढून ते कलेक्टरसाहेबांना द्यायचे. म्हणजे वरपर्यंत दाब बसेल. भऱ्याचा ठराव त्याला सगळ्यांत वर हवा होता, कारण आमच्या गावचा कैलास त्याच सीमेवर तैनात आहे. कैलासची आई तुळजाबाई हिचं अनुमोदन मिळालं तर ठरावाला वजन येणार होतं.

तुळजाबाईला मी ओळखतो. नवरा लवकर गेला. थोडं भाताचं रान आणि कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, यावर तिनं कैलासला वाढवलं. भाडेकरूचा दाखला न्यायला ती कार्यालयात आली होती, तेव्हा भिकूला सांगत होती, “कैलासचा फोन आलता. म्हनला, आये, आता थोडं दिस फोन लागायचा न्हाई, काळजी करू नगं. आसं म्हनल्यावर कुनाची काळजी थांबती व्हय रं?” मेलेल्या जवानांमध्ये अमोघ नावाचा पोरगा होता, कैलासचा जोडीदार. मागच्या जत्रेला तो कैलासबरोबर भऱ्याला आला होता आणि तुळजाबाईच्या हातचं जेवून गेला होता. तिचं दुःख काही टीव्हीवरून आलेलं नव्हतं.

ग्रामसभा सकाळी भरली. एरवी खुर्च्या रिकाम्या असतात. त्या दिवशी मारुतीच्या पारापर्यंत माणसं उभी होती. शैलेशनं मला हातात घेतलं आणि तो असा काही बोलला की, माझी सैल वायर थरथरली. मी खोटं का सांगू, मलाही चढलं. कर्ण्यांतून घुमणारा स्वतःचा आवाज ऐकून मला वाटलं, आत्ताच्या आत्ता जावं आणि त्या जंगलाला आग लावावी. मग घोषणा झाल्या. हल्ला झाला होता पूर्वेला, पण घोषणा सवयीनं पश्चिमेच्या शेजाऱ्याच्या नावानं निघाल्या. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ग्रामसेविका हेमलता मॅडमनी ठराव वाचला. “ही ग्रामसभा असे ठरवते की, आपण आता स्वस्थ न बसता सीमा ओलांडली पाहिजे व आत घुसून बंडखोरांचे तळ उद्ध्वस्त केले पाहिजेत. शासनाने याचा तातडीने विचार करावा.” टाळ्या पडल्या. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “सूचक?”

“मी!” शैलेशनं हात वर केला.

“अनुमोदक?”

अण्णासाहेबांनी मला बायकांच्या बाजूला नेलं. “तुळजावैनी, तुमी नुसतं ‘माजं अनुमोदन हाय’ एवढं म्हना. बास.”

तुळजाबाई उठली. पहिल्यांदाच मी तिच्या हातात आलो. तिनं मला टपली मारली नाही, फुंकरही मारली नाही.

“अमोघ माज्या घरी जेवून गेलाय,” ती म्हणाली. “त्याला मारनारी मोकाट फिरत्यात, ह्ये मला बी सोसत न्हाई. पर मॅडम, एक इचारते. कागदात तुमी ‘आपन’ लिवलंय. आपन म्हंजे कोन कोन?”

हेमलता मॅडम गोंधळल्या. “म्हणजे... आपण सगळे. देश.”

“देश तर हायेच. पर सीमा वलांडायला पायानं कोन जानार? भऱ्यातनं तर येकटा माजा कैलास. मंग त्याचंच नाव घाला की. तुमी लिवा, कैलासनं सीमा वलांडावी, कैलासनं घुसावं. आन् तसं वाचा. मी अनुमोदन देते.”

सभेत कुजबूज झाली. अण्णासाहेब म्हणाले, “वैनी, ठरावात आसं नाव घालत न्हाईत.”

“सत्काराच्या ठरावात घालता न्हवं? भरती झाला तवा घातलं हुतं. मंग हितं का नगं?”

हेमलता मॅडमनी शब्द खोडला, वर नाव लिहिलं. मी पुन्हा त्यांच्या तोंडाशी गेलो. त्यांचा आवाज नेहमी सरळ, कोरडा असतो. त्या दिवशी तो मध्येच अडला.

“ही ग्रामसभा असे ठरवते की, कैलासने... कैलासने सीमा ओलांडली पाहिजे व आत घुसून...”

मघाशी हेच वाक्य ऐकून टाळ्या पडल्या होत्या. आता पारावरचा खोकला ऐकू येत होता.

“अनुमोदक, तुळजाबाई,” तीच म्हणाली. “लिवा. हुकूम सुटला तर त्यो जाईल, मी काय आडवी पडनार न्हाई. लष्करात त्याच्यासाठीच गेलाय. पर गावानं धाडायचं तर नाव घिऊन धाडावं. सूचक कोन?”

सगळ्यांनी शैलेशकडे पाहिलं. भिकूनं मला त्याच्या हातात दिलं.

शैलेश वाईट माणूस नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तो आणि कैलास एका वर्गात होते. भरतीसाठी दोघं पौडच्या रस्त्यावर पहाटे बरोबर पळायचे. कैलास घेतला गेला, शैलेश छातीच्या मापात कमी पडला. त्याच्या रागात तेही असेल, कुणास ठाऊक. त्यानं मला तोंडाशी धरलं. “मी...” एवढं म्हणाला आणि थांबला. त्याचा श्वास कर्ण्यांतून सगळ्या गावानं ऐकला. ‘आपण’ म्हणायला त्याला काहीच लागलं नव्हतं. ‘कैलास’ म्हणायला त्याची जीभ उचलेना.

“काकू, मला न्हाई म्हनता येत,” तो शेवटी म्हणाला, आणि त्यानं मला टेबलावर ठेवलं.

अनुमोदक मिळाली, सूचक मिळेना. असा ठराव भऱ्यात पूर्वी कधी अडला नव्हता. अण्णासाहेबांनी तो पुढच्या सभेवर टाकला. लोक मान खाली घालून पांगले. काही जण चिडले होते. म्हातारीनं गावाची शोभा केली, म्हणाले. असेलही. मेलेल्यांना न्याय मागणं चूक आहे, असं मीसुद्धा म्हणणार नाही, आणि सरकारनं काय करावं हे माझ्यासारख्या चिकटपट्टीवाल्यानं काय सांगायचं? शैलेशचा मोर्चा बाकीच्या गावांचे ठराव घेऊन गेलाच. टीव्हीवरचा आवाज आणखी चढला आहे. लवकरच हुकूम सुटेल, असं सगळे म्हणतात.

सभा उठल्यावर भिकू माझी वायर गुंडाळत होता. तुळजाबाई दारातून परत आली.

“भिकू, ह्येचा आवाज कुटवर जातो रं?”

“नदीपतुर जातोय, मावशे.”

“तेवढाच?” ती म्हणाली. आणि दाराबाहेर पडली.

मला माझ्या आवाजाची इतकी घमेंड होती! त्या एका शब्दानं ती उतरली. तिचं म्हणणं जिथं ऐकू जायला हवं होतं, तिथवर मी कधीच पोचणार नव्हतो.

आता मी पुन्हा कपाटात आहे. रोज सकाळी तुळजाबाईचा आवाज बाहेरून येतो, “काय बातमी?” आणि भिकूचा, “न्हाई, मावशे.” गावकऱ्यांनो, तुमचा मी जुना चाकर, माझं एकच मागणं आहे. या गावात सत्कार मीच पुकारतो, आणि कुणी गेलं, किती वाजता उचलणार, तेही मीच. हल्ली कपाटाची कडी वाजली की मी अंग चोरतो. ज्या दिवशी कैलासचं नाव घ्यायला मला बाहेर काढाल, त्या दिवशी भिकूला फुलांच्या चक्रासाठी नाही, पेढ्यांसाठी फोन करावा लागू दे.