हजर एकोणतीस

मित्रांनो, भिंतीला पाठ लावून जन्म काढलेला मी एक फळा आहे. घोडपदेवच्या एका पालिकेच्या मराठी शाळेत, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत माझा मुक्काम. आता त्या खोलीत माझ्याशिवाय कोणीच नसतं. फुटक्या काचेतून दोन कबुतरं येतात. पण त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्याशी काय बोलावं ते मला कळत नाही.

मी असा नेहमीच एकटा नव्हतो बरं का! गंगाधर सुतारांनी मला सागाच्या फळ्या जोडून बनवलं. रंधा मारताना ते स्वतःशीच पुटपुटत, "पोरांचा फळा आहे, खडू अडता कामा नये." तेव्हा आजूबाजूच्या गिरण्या जोरात होत्या आणि वर्गात बसायला जागा पुरायची नाही. एकेका बाकावर चौघं, आणि उरलेली पुढे जमिनीवर. जयवंत गुरुजी नावाचे शिक्षक माझ्यावर असं लिहीत, की खडू टेकतोय हेही मला जाणवायचं नाही. बाकीच्यांचं विचारू नका. काही जण तर खिळे ठोकावेत तसे लिहायचे!

दर दिवाळीच्या सुट्टीत गिरणीतून सुटलेले दोन-चार पालक यायचे. जुन्या सेलमधली काळी पूड आणि कसलासा पाला वाटून ते मला चोळायचे. त्या वासानं मी दोन दिवस हैराण असे, पण रंग असा चढायचा की पहिला खडू ओढणारं मूल खूश होऊन जाई. दसऱ्याला मुलं माझ्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढत आणि फूल वाहून नमस्कार करत. वर्षभर डस्टरचे तडाखे खाणाऱ्याला तेवढा एक दिवस मोठेपण मिळायचं. मी ते पुरवून पुरवून वापरायचो.

माझा सगळ्यांत लाडका भाग म्हणजे उजवीकडचा वरचा कोपरा. तुमच्याही शाळेत असेल तो. तिथे रोज सकाळी तारीख लिहायची, तिच्याखाली 'पट' आणि त्याच्याखाली 'हजर'. पट म्हणजे ज्यांची नावं शाळेत आहेत ती मुलं, आणि हजर म्हणजे त्यांतली आज आलेली. बाकीचा फळा दिवसातून कितीदा पुसला जाई, पण त्या कोपऱ्याला संध्याकाळपर्यंत कोणी हात लावत नसे.

पुढे गिरण्या बंद पडल्या. बऱ्याच चाळींच्या जागी टॉवर आले. ज्यांना थोडंफार परवडत होतं त्यांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. त्यात त्यांची काय चूक? आपल्या मुलाचं भलं व्हावं असं कोणाला वाटत नाही? पण माझ्या कोपऱ्यातला आकडा उतरत गेला. एकेका वर्गाला कुलूप लागलं, आणि शेवटी पहिली ते चौथीची सगळी मुलं माझ्यासमोर बसू लागली. पट एकोणतीस. त्या सगळ्यांना शिकवायला एकट्या मेघनाबाई.

मेघनाबाई फळ्याचे तीन भाग करायच्या. एका भागात पहिलीची अक्षरं, मधे दुसरी-तिसरीची गणितं, शेवटी चौथीचा भूगोल. एकाच वेळी चार वर्ग अंगावर घेऊन मी उभा असे आणि मला त्याचा केवढा ताठा होता! पण अधूनमधून बाईंना सरकारी कामाचं बोलावणं यायचं. कधी मतदारयादी, कधी घरोघरची पाहणी. मग त्या चौथीच्या मुलांना सूचना देऊन निघून जायच्या. अशा वेळी तिसरीतली चैत्राली पुढे यायची. ही शेजारच्या चाळीतल्या सुभद्राआजींची नात. पट्टी हातात घेऊन ती पहिलीतल्यांना म्हणायची, "गप बसा रे! बाई आल्या की मी सगळ्यांची नावं सांगणार." एकदा तिने माझ्यावर लिहिलेल्या पाढ्यात सात आठे चोपन्न झाले. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं.

आता माझ्या नशिबाचा फेरा ऐका.

आमची बहुतेक मुलं कोकणातली. गणपतीत सगळं घर गावाला जातं. शाळेची सुट्टी पाचच दिवसांची, पण गौरी जेवल्याशिवाय कोण परत येणार? बाईंनी पालकसभेत हात जोडून सांगितलं होतं, "सुट्टी संपली की मुलांना लगेच पाठवा."

सुभद्राआजी हसून म्हणाल्या होत्या, "बाई, देव घरात असताना आमी पोरांका घेऊन कसा येतलंव? तुमीच येवा आमच्याकडे मोदक खावक."

बाईही हसल्या होत्या. दरवर्षीचंच होतं ते.

त्या वर्षी मात्र सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी पालिकेच्या कचेरीतून माणसं मुलं मोजायला आली. आधल्या संध्याकाळी निरोप मिळाला, तेव्हा बाईंनी सगळ्यांना फोन लावले. कोणाचा लागला, कोणाचा नाही. लागला तरी गावाहून एका रात्रीत कोण येणार? शिवा शिपाई सकाळी दाराशी येऊन हळूच म्हणाला, "बाई, खालच्या शिकवणीच्या क्लासची पोरं आणून बसवू काय? अर्ध्या तासाचा तर मामला. कोण ओळखतंय?"

बाईंनी खडू उचलला. मग म्हणाल्या, "नको शिवा. मी यांना रोज खरं बोला म्हणून सांगते."

आणि त्यांनी माझ्या कोपऱ्यात लिहिलं, पट एकोणतीस, हजर सहा. मित्रांनो, तो आकडा मला अंगावर नकोसा झाला. आलेल्या माणसांनी त्याचा फोटो काढून नेला.

दिवाळीनंतर माझ्याच वर्गात सभा भरली, कारण चालू असलेला पंखा तेवढा इथेच होता. शाळा ठेवायची की मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवायचं, एवढाच प्रश्न होता. समोरच्या टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी राजेश साहेब पहिल्या बाकावर गुडघे वर करून कसेबसे बसले होते. ते उठून म्हणाले, "माझं कोणाशी भांडण नाही. पण मी मालमत्ता कर भरतो, इन्कम टॅक्स भरतो, आणि माझ्या मुलाची फी वेगळी भरतो. म्हणजे शिक्षणाचे पैसे दोनदा देतो. इथे बसलेल्या बऱ्याच लोकांच्या लहान खोल्यांना तर घरपट्टी माफ आहे. मग सहा मुलांसाठी अख्खी इमारत का चालवायची, ते मला कोणीतरी समजावून सांगा."

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं की माणूस अगदीच चुकीचं बोलत नाही.

सुभद्राआजी मागून उठल्या. "माझ्या खोलीक घरपट्टी नाय, ह्या खरा. पण साबणाच्या वडीवर कर लागता ना? बिस्किटाच्या पुड्यावर लागता ना? दुकानदार काय माझा तोंड बघून सोडता? तुमच्याएवढो नसात, पण मी पण भरतंय. माझ्या नातीक चार भिंती आणि एक बाई, एवढाच मागतंय मी त्याच्या बदल्यात."

काही जणांनी बाक वाजवले. राजेश साहेब जरा नरमाईनं म्हणाले, "मावशी, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण शाळा एवढी हवी आहे, तर त्या दिवशी तुमची नात कुठे होती?"

"गावाक," आजी म्हणाल्या. "गणपती होते ना."

आणि सगळे हसले. चाळीतले हसले, टॉवरमधले हसले. आजीसुद्धा थोड्या हसल्या, आणि मग खाली बसल्या. तेवढ्या हसण्यानं सभेचा निकाल लागला असं मला वाटतं.

मेघनाबाई उठून म्हणाल्या, "मुलं सहा नाहीत, एकोणतीस आहेत. आणि त्यांना शिकवायला मला पूर्ण आठवडा मिळाला असता तर आणखी आली असती."

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "पगार तर पूर्ण मिळतो ना?"

 बाई वळल्या, डस्टर घेतलं आणि मला पुसू लागल्या. माझ्यावर तेव्हा काहीही लिहिलेलं नव्हतं.  त्या दिवशी मला मनापासून वाटलं, देवानं मला तोंड द्यायला हवं होतं.

वर्ष संपलं आणि शाळाही संपली. शेवटच्या दिवशी मात्र एक नवल झालं. त्या दिवशी सगळी मुलं आली. एक पोर तापात होतं, तेही आईच्या कडेवर बसून आलं. कधी नव्हे ते पट एकोणतीस आणि हजरही एकोणतीस! बाईंनी तो आकडा नेहमीपेक्षा मोठा काढला. आणि मोजायला कोणी येतंय का ते मी दिवसभर दाराकडे बघत राहिलो. आज कोण येणार होतं? संध्याकाळी बाईंनी सगळा फळा पुसला, कोपरा तेवढा ठेवला आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते सांगून तुम्हाला कंटाळा आणणार नाही. एकच सांगतो. फळ्याला पुसलं जाण्याचं दुःख नसतं. दुःख असतं ते न पुसलं जाण्याचं. उद्या लिहायला कोणी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गणपतीत चाळ पुन्हा रिकामी झाली. खालच्या गल्लीत बोचकी बांधल्याचे, हाका मारल्याचे आवाज आले. मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, जाताना कोणीतरी वर बघावं.

मग पालिकेची निवडणूक आली आणि कुलूप उघडलं. माझ्या खोलीत मतदान होतं! पंखा लागला, टेबलं आली, माणसं आली. मी असा सुखावलो म्हणून सांगू! तिथले अधिकारी डस्टर घेऊन माझ्याकडे आले. ज्या सवयीनं त्यांनी ते धरलं त्यावरून मी ओळखलं, हे शिक्षक. त्यांचाही वर्ग या निवडणुकीच्या कामापायी कितीतरी दिवस त्यांच्याविना बसला असणार. केंद्राचा क्रमांक लिहायला त्यांनी मला पुसायला घेतलं आणि कोपऱ्याशी येऊन हात थांबवला. त्यांनी ते वाचलं. मग उरलेल्या जागेत क्रमांक लिहिला.

दुपारी रांगेत सुभद्राआजी आल्या, चैत्रालीचं बोट धरून. त्यांच्या मागेच राजेश साहेब. त्या तिघांना मी लगेच ओळखलं. माझ्याकडे बघितलं ते फक्त चैत्रालीनं. ती केवढी वाढली होती!

अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "काय गं, इथे शिकायचीस का तू?"

"हो." तिने माझ्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्या एकोणतीसमध्ये मी आहे."

राजेश साहेबांनी मान वर केली. त्यांनी तो आकडा वाचला. मग आजींना विचारलं, "एवढी मुलं होती?"

"होती," आजी म्हणाल्या, आणि शाई लावून घ्यायला त्यांनी बोट पुढे केलं.

रांग पुढे सरकली. संध्याकाळी टेबलं गेली, पंखा थांबला आणि पुन्हा कुलूप लागलं.

मित्रांनो, माझ्या अंगावरचा तो आकडा अजून आहे. कडेनं थोडा विरलाय, पण वाचता येतो. तुम्ही कर भरण्याएवढे मोठे व्हाल, कोणासाठी किती द्यायचं यावर भांडालही. जरूर भांडा. पण भांडणाआधी एखाद्या साध्या दिवशी वर्गात येऊन मुलं मोजून जा. आणि माझी एक विनंती ऐका. कोणीतरी या, हा कोपरा पुसा. पण पुसलात, तर त्याच सकाळी तिथे नवी तारीख लिहा.